क्लच खाली बसला? प्लेट बदलायच्या आधी हे बघा

चतुर्थीला गावी येताना हातखंब्याच्या अलीकडे क्लच दाबला तो वर आलाच नाही, पायाने उचलला तर नुसता लोंबकळतोय. गॅरेजवाल्याने बॉनेट पण न उघडता सांगितलं, प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. शेवटी निघालं काय, तर मास्टर सिलेंडरचं (पॅडल दाबलं की ऑईल पुढे ढकलणारा पंप) वॉशर!

पहिलं म्हणजे तुमची गाडी केबलवाली आहे की ऑईलवाली (पॅडलचा जोर तारेऐवजी ऑईलने पोचवणारी) ते बघा. केबलवाली असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता लक्षण. घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी ओढत नाहीये आणि जळका वास येतोय, तर बहुतेक प्लेटच. पण गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो, क्लच पूर्ण दाबला तरी गाडी पुढे सरकते, असं असेल तर आधी ऑईलची बाजू तपासा.

बॉनेट उघडून टाकी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते आणि क्लचची नळी वरच्या बाजूला असते, म्हणजे ऑईल उतरलं की क्लच आधी जातो आणि ब्रेकला थोडं शिल्लक राहतं. तेव्हा ऑईल कमी दिसलं तर ब्रेककडे पण बघाच.

मग गळती शोधा. पॅडलचा रॉड जिथे आत जातो तिथे खालून बोट फिरवा. पावसात मॅट तशीही ओली असते, पण बोटाला बुळबुळीत लागलं तर मास्टर गळतोय. गिअरबॉक्सवर बाहेर स्लेव्ह सिलेंडर (ऑईलच्या दाबाने क्लच सोडवणारा) दिसत असेल तर त्याचं रबर मागे सारून बघा, आत ओलं असेल तर तो गेला. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच असतो, तो गळत असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवायलाच लागतो, ते घरी करू नका. कुठेच गळत नाही पण दाबून धरलेलं पॅडल हळूहळू खाली जातंय, तर मास्टरचं वॉशर आतून गेलंय.

पाच-सहा वेळा भराभर पंप केल्यावर गिअर पडायला लागला तर लाईनमध्ये एअर आहे. गळती काढून झाली की ती घरी काढता येते, फक्त दोन माणसं लागतात. हँडब्रेक ओढा, चाकांना चिरे लावा (आपल्याकडे चिऱ्यांना काय तोटा). स्लेव्हच्या निपलला (हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑईल घातलेल्या बाटलीत बुडवा. मी भाच्याला सीटवर बसवला. "दाब" म्हटलं की तो दाबणार, "धरलाय" म्हणाला की मी निपल अर्धा आटा सोडणार, बुडबुडे गेले की आवळणार आणि मगच "सोड". आवळायच्या आधी त्याने पाय उचलला की हवा परत आत, आमचं दोनदा झालं तसं. पॅडल वर येत नसेल तर हाताने उचला. दर चार-पाच वेळांनी टाकी भरा, रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

ऑईल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑईलचे प्रकार). इंजिन ऑईल चुकून पण नको, रबरं फुगतात. हे ऑईल हवेतलं पाणी ओढतं, डॉट ४ कोरं असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर तोच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि आपल्याकडची दमट हवा तर माहितीच आहे. म्हणून गेल्या वर्षीची उघडी बाटली वापरू नका. पत्र्यावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग उडतो.

निपल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंजाचा स्प्रे मारून ठेवा आणि रिंग पानाच लावा, साध्या पान्याने कडा गोल झाल्या की बसा बोंबलत. काम झालं की निपलची रबरी टोपी आठवणीने लावा, ती नसली तर खाऱ्या वाऱ्यात पुढच्या चतुर्थीपर्यंत ते परत धरलंच म्हणून समजा.