कार्बाइडची पुडी आणि जप्त होणारी पेटी : पुणे जिल्ह्यातील आंबा बागायतदारांसाठी सल्ला

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील हापूस कोकणचा हंगाम सरत असताना तयार होतो. भाव उतरण्याआधी माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचावा, या घाईत फळ कोवळेच उतरवले जाते आणि ते रंगवण्यासाठी पेटीत कार्बाइडची पुडी येते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवून विकण्यास २०११च्या अन्न सुरक्षा विनियमांनी बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. शिवाय असे फळ बाहेरून पिवळे आणि आत आंबटच राहते.

२००६चा अन्न सुरक्षा कायदा शेतावर शेतकऱ्याच्या हाती असलेल्या मालाला लागू नाही, हे खरे. परंतु ही सवलत शेताच्या बांधापलीकडे जात नाही. शहरात गाळा किंवा स्टॉल लावून स्वतः पिकवलेला आंबा विकणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला संशयित माल जप्त करण्याचा, नमुना घेण्याचा आणि नाशवंत माल खाण्यास अयोग्य झाल्यास लेखी नोटीस देऊन तो नष्ट करवण्याचा अधिकार आहे. नमुन्याचे चार भाग होतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी व्यावसायिक करू शकतो. ती मागणी तिथेच, लेखी करावी आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. आंबा अहवालासाठी थांबत नाही, म्हणून खरी काळजी उतरणीच्या दिवशीच घ्यायला हवी.

खांदे भरलेले आणि देठाजवळ खळगा पडलेले फळच उतरवावे. शंका असल्यास चार फळे पाण्यात टाकून पाहावीत. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) उतरवताना बोटभर देठ ठेवल्यास चीक सालीवर ओघळत नाही. भाताच्या पेंढ्यातील अढी, म्हणजे पेंढ्याच्या थरांत फळे रचून पिकवणे, आजही चालते, फक्त तिला दिवस द्यावे लागतात. घाईच असेल तर इथिलीन या फळ पिकवणाऱ्या वायूचा कक्ष वापरावा. १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) वायूला परवानगी आहे, मात्र साठणारा कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी कक्ष वेळोवेळी उघडावा लागतो. इथिलीनची पुडी वापरल्यास ती फळाला टेकता कामा नये, आणि इथेफॉन या इथिलीन सोडणाऱ्या रसायनाच्या द्रावणात आंबा बुडवणे तर सर्वस्वी टाळावे.

आडत्याकडे माल कच्चाच देत असाल, तर पट्टीवर (आडत्याच्या हिशेबाच्या कागदावर) ‘कच्चा माल’ अशी नोंद, तारीख आणि पेट्यांची संख्या लिहून घ्यावी. कार्बाइडची पुडी नंतर कोणी ठेवली याचा वाद झाल्यास हाताशी असेल तो तोच कागद.