घरी डिझेल ठेवायचं तर कसं ठेवायचं

बेळगाव जिल्ह्यात खानापूर जांबोटीकडची भातशेती असू दे नाहीतर चिकोडी, रायबाग, अथणीकडचा ऊस, आपल्या भागात शेती असलेल्या घरात थोडंफार डिझेल असतंच. पॉवर टिलर आहे, ट्रॅक्टर आहे, मळणी मशीन आहे, हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाईट गेली की जनरेटर लागतो, आणि बंक म्हणजे पेट्रोल पंप गावापासून लांब, मग दर वेळी कोण जाणार म्हणून एकदाच कॅन भरून आणायचा. त्यात चुकीचं काही नाही. पण ते ठेवतात कुठं तर जिन्याखाली, न्हाणीत बंबाच्या शेजारी, नाहीतर गोठ्यात पिंजराला (भाताच्या वाळक्या गवताला) टेकवून, आणि ते बघितलं की खरंच जीव वरखाली होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, "डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही हो, काडी टाकली तरी विझते" हे सगळ्यांनी ऐकलंय. अर्धंच खरं आहे ते. पेट्रोलची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते, डिझेलला त्यासाठी आधी तापावं लागतं, आणि आपल्याकडच्या मानकाप्रमाणे हा आकडा कमीत कमी ३५ अंश इतकाच आहे. आता एप्रिल-मे मध्ये अथणीकडं पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी किती तापतं ते तुम्हीच सांगा. म्हणजे उन्हाळ्यात बंद शेडमधल्या बॅरलच्या तोंडाशी पेटणारी वाफ असू शकते. दुसरं म्हणजे डिझेल चिंधीत, पिंजरात, लाकडाच्या भुश्शात मुरलं की तापायची वाटच बघत नाही, दिव्याच्या वातीसारखं काडी लावल्याबरोबर धरतं. घरच्या आगीचा खरा धोका इथं आहे, कॅनमधल्या डिझेलपेक्षा कॅनच्या आजूबाजूला सांडलेल्या डिझेलात.

आणि पेट्रोलचा कॅन डिझेलला कधीच वापरू नका. तळाशी थोडंसं पेट्रोल राहिलेलं असलं तरी सगळं मिश्रण पेट्रोलच्या वळणावर जातं, आणि भरताना स्थिर विजेची बारीक ठिणगी पडली तरी भडका उडू शकतो. दोन्ही कॅनचे रंग वेगळे ठेवा, वर ठळक नाव लिहा, आणि मी म्हणेन मराठीत आणि कन्नडात दोन्ही लिहा, कारण कामाला येणारा माणूस कुठली भाषा वाचतो ते काय सांगता येत नाही.

किती ठेवायचं? १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल ब वर्गात मोडतं, एका ठिकाणी २५०० लिटरपर्यंत ठेवायला लायसन लागत नाही, फक्त कुठलंही एक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नको. विकायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण कायदा एवढं ठेवू देतो म्हणून राहत्या घरात एवढं ठेवावं असं नाही. महिना दीड महिन्यात जेवढं संपतं तेवढंच आणा, त्याचं कारण पुढं येईलच.

भांडं कसलं घ्यायचं यावर जरा बोलतो कारण गडबड इथूनच चालू होते. इंधनासाठीच बनवलेला जाड प्लॅस्टिकचा कॅन, नाहीतर स्वच्छ लोखंडी बॅरल, एवढंच. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा नको, त्याची शिवण पातळ असते आणि झाकण घट्ट बसत नाही. औषध फवारणीचा जुना कॅन कितीही धुतला तरी नको. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी किंवा बादली तर अजिबात नको, डिझेल आणि जस्त यांचं पटत नाही, त्यातून चिकट साका तयार होतो आणि तो जाऊन बसतो इंजिनाच्या नोझलमध्ये. तांब्याचंही तसंच. आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत डिझेल, रॉकेल काहीच भरू नका, अर्धा लिटर सुद्धा नको, पाच मिनिटांसाठी सुद्धा नको. उन्हातून खेळून आलेलं पोर बाटली दिसली की तोंडाला लावतं, ते लेबल वाचत बसत नाही.

बंकवर भरताना कॅन गाडीवर किंवा पिकअपच्या हौद्यात ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेला राहू दे. काठोकाठ भरायचं नाही. डिझेल तापलं की फुगतं, २०० लिटरच्या बॅरलला सकाळ ते दुपार २० अंशांचा फरक पडला तर साधारण तीन सव्वातीन लिटर वाढतं, ते जाणार कुठं? बुचातून बाहेर. शंभरात पाच भाग तरी जागा रिकामी सोडा.

जागा घराच्या बाहेर हवी, परड्यात वेगळी शेड असली तर उत्तमच. सावली पाहिजे, वारा खेळता पाहिजे, डिझेलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते, म्हणून शेडला भिंतीच्या खालच्या बाजूला झरोके ठेवा. चूल, बंब, गॅस, इन्व्हर्टरची बॅटरी, वेल्डिंगचं काम, शेणी, जळण, पिंजर या सगळ्यापासून लांब. आडापासून किंवा बोअरपासून तर जास्तच लांब, कारण जमिनीत मुरलेलं डिझेल पाण्यात उतरलं की ते पाणी प्यायच्या लायकीचं राहत नाही आणि लवकर सुधारतही नाही. बॅरल असेल तर खाली सिमेंटचा कोबा करून चारी बाजूंनी विटांचा कठडा घालून घ्या. आतून चार फूट बाय चार फूट आणि सहा इंच उंच कठडा केला तर सव्वादोनशे लिटर मावतं, म्हणजे अख्खं बॅरल फुटलं तरी सगळं आतच राहतं. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. बॅरल थेट कोब्यावर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा म्हणजे तळ गंजत नाही आणि गळतंय का तेही दिसतं. दिवाळीत शेडच्या बाजूला फटाके नकोत, रॉकेट तर नकोच.

आता पाणी. खानापूर कणकुंबीकडं पाऊस कसा लागतो ते सांगायला नको, आणि डिझेल खराब होतं ते जास्त करून पाण्यानंच. बॅरल उघड्यावर उभं ठेवलं की वरच्या खोलगट पत्र्यावर पाणी साचतं, रात्री बॅरल गार पडलं की आतली हवा आकसते आणि बूच सैल असेल तर तेच पाणी थेंब थेंब आत ओढलं जातं. शिवाय अर्ध्या रिकाम्या बॅरलमध्ये आतून दव धरतं. पाणी जड, ते तळाशी जातं, आणि पाणी नि डिझेल जिथं भेटतात तिथं जंतू वाढतात, काळा बुळबुळीत थर धरतो, मग ऐन मळणीत इंजिन धापा टाकायला लागलं की फिल्टर उघडल्यावर तो गाळ दिसतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (कमी प्रदूषणाच्या नव्या मानकाचं) डिझेल आलं, त्यात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल, म्हणजे वनस्पती तेल वगैरेपासून केलेलं इंधन, मिसळायला मुभा आहे, आणि बायोडिझेल पाणी धरून ठेवतं, म्हणून वडिलांच्या काळात वर्षभर टिकायचं म्हणून आताही टिकेल असं धरून चालू नका. सहा महिन्यांच्या वर तर नकोच.

बॅरल आडवं ठेवत असाल तर दोन्ही बुचं एका रेषेत आडवी येतील असं ठेवा, उभं असेल तर एका बाजूनं वीट लावून जरा तिरकं करा आणि बुचं पाणी साचणार नाही अशा बाजूला येऊ द्या. पावसाळ्यात अधूनमधून हातपंपानं तळातलं थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढून तासभर स्थिर ठेवा. चांगलं डिझेल स्वच्छ पारदर्शक दिसतं. खाली पाण्याचा थर किंवा मध्ये धुरकटपणा दिसला तर आधी तळातलं पाणी काढून टाका, ते डिझेल तसंच मशीनमध्ये घालू नका.

जनरेटर चालू असताना त्यात डिझेल ओतायचं नाही. बंद करा, दहा पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मग नरसाळं लावून ओता, रात्र असेल तर बॅटरीच्या उजेडात. गणपतीत मंडळाच्या पोरांनी हे विशेष पाळावं, कारण तिथं मांडव, कापड, लाईटच्या वायरी आणि माणसं सगळं जवळजवळ असतं. सांडलं तर वाळू किंवा भुसा टाकून टिपून घ्या, तो भुसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, बंबात घालू नका आणि पाण्यानं गटारीतही ढकलू नका. आग लागलीच तर पाणी मारायचं नाही, डिझेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरत जाते. वाळूच्या दोन बादल्या आणि आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर शेडच्या दाराबाहेर टांगा, आत नको, आत असला तर आगीत हात कसा घालणार. लगेच आटोक्यात येत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ लावा.

दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा काठच्या लोकांसाठी एक वेगळं. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितलाय. डिझेलनं गच्च भरलेलं बॅरलसुद्धा पाण्यावर तरंगतं, जड आहे म्हणून जागेवर राहील असं समजू नका. नदी वाढायला लागली की बुचं घट्ट करून बॅरल उंचावर हलवा, ते जमत नसेल तर पक्क्या खांबाला दोरखंडानं बांधा.

शेवटचं, आणि हे घरातल्या बायकापोरांनाही सांगून ठेवा. पाईप तोंडात धरून डिझेल ओढायची सवय अजून गावोगावी आहे, ती बंद करा, हातपंप घ्या. डिझेल पोटात गेल्यापेक्षा फुप्फुसात गेलेलं जास्त वाईट, न्यूमोनियासारखं होतं आणि माणूस दगावू शकतो. कुणी चुकून प्यायलं तर मिठाचं पाणी देऊन किंवा बोटं घालून उलटी काढू नका, उलटी होताना तेच डिझेल श्वासनलिकेत उतरतं. अंगावरचे भिजलेले कपडे काढा, साबणानं धुवा, आणि खोकला नाही, बरं दिसतंय म्हणून न थांबता सरळ दवाखान्यात न्या, डॉक्टरला काय आणि साधारण किती गेलंय ते स्पष्ट सांगा.