प्लुटोच्या बर्फावर पहिली रेघ ओढण्याआधी

भूशास्त्राला नुकतीच आलेली मुलं मला हमखास विचारतात, "ताई, जिथे पायच ठेवता येत नाही, तिथला भूशास्त्रीय नकाशा काढायचा कसा?" प्लुटोवर काम करताना जे शिकले, ते त्यांच्यासाठी लिहिते आहे.

माझं पहिलं नकाशाकाम सह्याद्रीतलं. हातोडा, कंपास आणि टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) घेऊन दिवसभर घाट चढायचा आणि बेसाल्टचा एक लाव्हाप्रवाह कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो ते शोधायचं. दोन प्रवाहांमध्ये रेड बोलचा, म्हणजे जुन्या मातीचा, लाल पट्टा सापडला की शीण जायचा. प्लुटोवर हातोडा चालत नाही. हाती आहेत ती नासाच्या न्यू होरायझन्स यानाने १४ जुलै २०१५ रोजी, सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवरून जाताना टिपलेली छायाचित्रं. यान तिथे थांबलं नाही. त्या एका भेटीची सगळी माहिती पृथ्वीवर पोचेपर्यंत ऑक्टोबर २०१६ उजाडला.

आधी तिथला 'खडक' समजून घ्या. उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्याचा बर्फ दगडासारखा कडक असतो. नायट्रोजनचा बर्फ मात्र मऊ असतो आणि हळूहळू वाहतो. म्हणून काही किलोमीटर उंच उभे असलेले तेनसिंग मॉन्टेस पाण्याच्या बर्फाचेच असणार, नायट्रोजनला तेवढी उंची पेलवत नाही. (तेनसिंग नोर्गे यांचं नाव प्लुटोच्या डोंगरांना आहे, याचा मला आजही फार आनंद होतो.) शिवाय पाण्याचा बर्फ नायट्रोजनच्या बर्फापेक्षा हलका, त्यामुळे त्याचे डोंगराएवढे तुकडे नायट्रोजनच्या मैदानात तरंगत असावेत असं मानतात. हे डोक्यात पक्कं बसल्याशिवाय स्क्रीनवर रेघ ओढू नका.

माझी पहिली मोठी चूक स्पुटनिक प्लॅनिशियावर झाली. हे नायट्रोजनच्या बर्फाने भरलेलं प्रचंड खोरं. त्याचा पृष्ठभाग दहा ते चाळीस किलोमीटर रुंदीच्या बहुभुजी तुकड्यांत विभागलेला दिसतो. त्यातल्या एका काळसर भागाला मी वेगळं एकक (नकाशावर एका रंगाने दाखवायचा एकसारखा भूभाग) ठरवलं आणि नाव दिलं 'जुना हिमनदी प्रवाह'. सरांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "तुला हिमनदी दिसली, की काळसर रंग दिसला?" मला दिसला होता तो फक्त रंग. त्याच दिवशी नाव बदलून 'काळसर बहुभुजी मैदान' केलं. खालचा किंचित उबदार नायट्रोजन तुकड्याच्या मधोमध वर येतो आणि थंड होऊन कडेला खाली जातो, त्यातून ही रचना होते, हे स्पष्टीकरण मला पटतं. पण त्याची जागा सोबतच्या वर्णनात. उद्या ते बदललं तरी एककाची सीमा तिथेच राहायला हवी. राइट मॉन्सचंही तसंच. सुमारे दीडशे किलोमीटर रुंद, मधोमध खोल खड्डा असलेला हा डोंगर बर्फाचा ज्वालामुखी असावा अशी दाट शंका आहे, तरी एककाच्या नावात 'ज्वालामुखी' लिहायचं नाही.

दुसरी चूक जास्त फसवी होती. एका ठिकाणी मला खडबडीत आणि गुळगुळीत भूभागाची अगदी सरळ सीमा सापडली. दोन दिवस मी तिच्यात रमले होते. मग लक्षात आलं की तिथे दोन छायाचित्रं जोडलेली होती, एक बारीक तपशिलाचं, दुसरं धूसर. सर्वांत चांगल्या पट्ट्यात एक पिक्सेल सुमारे ऐंशी मीटरचा आहे, तर यानाने दुरूनच पाहिलेल्या बाजूला तो कित्येक किलोमीटरचा. म्हणून संगणकावरच्या नकाशात पहिला थर मूळ छायाचित्रांच्या कडांचा लावा. दुसरा थर ऊन कुठून येतं ते दाखवणाऱ्या बाणांचा, नाहीतर खड्डा टेकडीसारखा भासतो. शंका आली की उंचीच्या नकाशावर ताडून पाहा. आणि चार-पाच पिक्सेलपेक्षा लहान गोष्टीला नाव देऊ नका.

वय ठरवायची पद्धत मात्र ओळखीची वाटेल. डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाची भिंत) ज्या प्रवाहाला कापते त्याहून ती नवी, हे आपण घाटात शिकतो. भेगेने विवराची कड कापली असेल तर भेग नंतरची. विवरं, म्हणजे आघाताने पडलेले खड्डे, मोजायची तीही वयासाठीच: पृष्ठभाग जितका जुना, तितकी ती जास्त. बेल्टन रिजिओ या प्लुटोवरच्या काळसर प्रदेशात ती भरपूर आहेत, म्हणजे पृष्ठभाग पुरातन. स्पुटनिक प्लॅनिशियावर खात्रीचं एकही विवर सापडलेलं नाही, म्हणून त्याचा पृष्ठभाग एक कोटी वर्षांच्या आतला मानतात. याच कारणासाठी माझा आग्रह आहे की ग्रहांवर काम करायचं असलं तरी फील्ड सोडू नका. ज्याने डाइक हाताने चाचपली आहे, त्याचा डोळा स्क्रीनवरही वेगळा चालतो.

सुरुवातीला परदेशी प्रवेश किंवा महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेने तयार केलेली प्लुटोची जोडचित्रंही फुकट उतरवता येतात. सरावासाठी अल-इद्रिसी मॉन्टेस हे डोंगर स्पुटनिक प्लॅनिशियाच्या मैदानाला भिडतात तो काठ घ्या. नकाशाचं प्रमाण एकदा ठरवा आणि झूम बदलत बसू नका. काठ आखून फाइल बंद करा. महिन्याने तोच काठ कोऱ्या थरावर पुन्हा आखा, मग दोन्ही थर एकावर एक ठेवा. रेघा जिथे जुळतील तिथे अखंड रेघ ठेवा. जिथे फाकतील तिथे ती तुटक करा.