गाडीतील म्युझिक सिस्टीम : नवे स्पीकर घेण्यापूर्वी या चुका टाळा

गाडीतला आवाज आवडेनासा झाला की बहुतेक जण थेट दुकानात जाऊन महाग स्पीकर पसंत करतात. माझा अनुभव असा आहे की खराब आवाजाचे मूळ स्पीकरच्या दर्जात क्वचितच असते. ते दरवाजाच्या पोकळ पत्र्यात, उलट्या जोडलेल्या एखाद्या वायरीत किंवा रंगावरच आवळलेल्या अर्थिंगच्या (वायर गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या) बोल्टमध्ये सापडते. त्यामुळे पहिल्यांदाच म्युझिक सिस्टीम बसवणाऱ्याने वस्तू निवडण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष त्या वस्तू एकमेकींशी जुळतात का आणि कशा बसवल्या जातात याकडे द्यावे.

या यंत्रणेचे भाग मोजकेच आहेत. डॅशबोर्डमधला स्टिरिओ गाण्याचा संकेत तयार करतो, ॲम्प्लिफायर त्या संकेताला शक्ती देतो आणि स्पीकर त्याचे आवाजात रूपांतर करतात. बारीक, तीक्ष्ण स्वर ट्वीटर वाजवतो, मधले आणि भारदस्त स्वर दरवाजातला मोठा स्पीकर वाजवतो, तर सर्वांत खालचे स्वर, हवे असल्यास, डिकीतला सबवूफर वाजवतो. स्वतंत्र ॲम्प्लिफायर नसेल तर स्टिरिओच्या आतलीच छोटी चिप त्याचे काम करते.

खोक्यावरचे वॅट पाहून खरेदी करणे

स्टिरिओच्या खोक्यावर ‘४ गुणिले ५० वॅट’ असे छापलेले असते आणि ते वाचून ग्राहक ५० किंवा १०० वॅटचे स्पीकर मागतो. हा आकडा क्षणिक शिखराचा असतो. अखंडपणे मिळणारी शक्ती आरएमएस वॅटमध्ये सांगतात आणि स्टिरिओच्या बाबतीत ती दर स्पीकरला १८ ते २२ वॅटच्या आसपास असते. यामागचे गणित सोपे आहे. इंजिन चालू असताना गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट उपलब्ध असतात. चिपने हे सगळे १४.४ व्होल्ट लाटेच्या शिखरासाठी वापरले, तरी त्याचे आरएमएस, म्हणजे प्रत्यक्ष परिणामकारक, मूल्य (शिखर भागिले १.४१) सुमारे १०.२ व्होल्ट येते. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहम विद्युतरोधाने भागले की जेमतेम २६ वॅट मिळतात आणि त्यातूनही चिपमधली घट वजा होते. बाहेरचा ॲम्प्लिफायर यापेक्षा जास्त शक्ती देऊ शकतो, कारण तो स्वतःच्या आत १२ व्होल्टपासून अधिक व्होल्टेज तयार करतो.

म्हणून ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर स्पीकर किती वॅट सहन करतो हे पाहण्यापेक्षा त्याची संवेदनशीलता पाहावी. ती डेसिबलमध्ये दिलेली असते. संवेदनशीलता ३ डेसिबलने जास्त असणे म्हणजे शक्ती दुप्पट करण्यासारखे आहे; ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढे वाजण्यासाठी ८९ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. जड, महाग आणि कमी संवेदनशीलतेचा स्पीकर नुसत्या स्टिरिओवर लावला तर तो आधीच्या कंपनी स्पीकरपेक्षाही दबका वाजतो आणि ग्राहकाला फसवले गेल्यासारखे वाटते.

पैसे मर्यादित असतील तर ते पुढच्या दोन दरवाजांवर खर्च करावेत. आपण गाणे समोरून ऐकतो; मागचे स्पीकर कंपनीचेच राहिले तरी फारसे बिघडत नाही.

दरवाजाकडे दुर्लक्ष करणे

सर्वांत जास्त आवाज याच चुकीमुळे वाया जातो आणि दुकानात तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढची आणि मागची लाट एकत्र आली तर खालचे स्वर एकमेकांना पुसून टाकतात. घरातल्या स्पीकरला लाकडी खोके असते ते यासाठीच. गाडीत त्या खोक्याचे काम दरवाजाला करावे लागते. पण दरवाजाच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी मोठी छिद्रे असतात आणि त्यांवर फक्त प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. स्पीकरच्या कडेला अगदी बोटभर फट राहिली तरी बास तिथूनच निसटतो.

यासाठी स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये घट्ट बसणारी कडी आणि तिच्याभोवती फोमची पट्टी लावावी. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची (रबरासारखी) कंपन शोषणारी डँपिंग शीट रोलरने दाबून चिकटवावी, म्हणजे तो पत्रा स्वतः वाजणार नाही. सगळा पत्रा झाकण्याची गरज नसते, मधला सपाट भाग झाकला तरी बराच फरक पडतो. मग आतल्या पत्र्याची मोठी छिद्रे बंद करावीत. माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये मी स्पीकर न बदलता केवळ एवढे काम करून घेतले, तेव्हा तबल्याच्या डग्ग्याची घुमक पहिल्यांदा नीट ऐकू आली.

हे करताना एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. काचेच्या बाहेरच्या रबरापाशी झिरपणारे पावसाचे पाणी दरवाजाच्या पोकळीतून खाली येते आणि तळाच्या निचऱ्याच्या छिद्रांतून बाहेर पडते. शीट लावण्याच्या उत्साहात ही छिद्रे बंद झाली तर पाणी आत साठते आणि दरवाजा तळापासून गंजू लागतो. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांना याचे परिणाम एकाच पावसाळ्यात दिसू शकतात. तसेच आतला प्लास्टिकचा कागद काढला असेल तर तो पुन्हा नीट चिकटवून घ्यावा, कारण पाणी केबिनमध्ये येऊ न देण्याचे काम तोच करतो. त्याचप्रमाणे स्पीकर घेण्यापूर्वी त्याची खोली मोजावी आणि काच पूर्ण खाली करून पाहावी. काच स्पीकरच्या चुंबकाला अडकणे ही अगदी नेहमीची तक्रार आहे.

प्लस आणि मायनस उलटे जोडणे

एका दरवाजातला स्पीकर उलटा जोडला गेला तर दोन्ही स्पीकर वाजतात, काही बिघडल्याचे दिसत नाही, पण बास नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज समोरून न येता कुठूनही आल्यासारखा वाटतो. एक पडदा हवा पुढे ढकलत असताना दुसरा ती मागे ओढत असतो. मी स्वतः अशी गाडी काही महिने चालवली आणि दोष स्पीकरचा समजत राहिलो. तपासणी दोन मिनिटांची आहे. स्टिरिओचा बॅलन्स आधी पूर्ण डावीकडे करून ऐकावे आणि मग मधोमध आणावा. मध्यावर आणल्यावर बास वाढण्याऐवजी कमी झाला तर एक स्पीकर उलटा आहे. खात्री करायची असेल तर वायरी स्टिरिओपासून सोडवून मोठ्या स्पीकरला १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावावा. प्लसला प्लस जोडल्यावर पडदा बाहेरच्या बाजूला सरकला पाहिजे.

बाजारातील बहुतेक स्टिरिओंच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी वायर बॅटरीची कायमची जोडणी, लाल किल्लीबरोबर चालू होणारी, काळी अर्थिंग आणि निळी-पांढरी ॲम्प्लिफायरला जागे करणारी. पुढचा डावा स्पीकर पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा आणि यांपैकी ज्या वायरीवर काळी रेघ असते ती मायनस. गाडीच्या मूळ वायरी कापून, पिळून, इन्सुलेशन टेप गुंडाळू देऊ नये. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमागे टेपचा गोंद सुटतो आणि जोड उघडा पडतो. आपल्या गाडीचा कपलर, म्हणजे मूळ वायरी न कापता स्टिरिओ जोडणारा तयार प्लग, मागून घ्यावा. त्याची किंमत थोडी असते आणि मूळ वायरिंग अखंड राहिल्याने पुढे वॉरंटीवरून होणारा वादही टळतो.

वायर, फ्यूज आणि अर्थिंग यांत काटकसर करणे

इथे प्रश्न आवाजाचा राहत नाही, गाडीला आग लागण्याचा होतो, म्हणून या बाबतीत कोणतीही तडजोड मान्य करू नये. ॲम्प्लिफायरची मुख्य वायर थेट बॅटरीपासून येते. तिच्यावरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असला पाहिजे. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसून वायरीसाठी असतो. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर बॅटरीचा सगळा प्रवाह तिच्यातून वाहू लागतो आणि तो प्रवाह तोडणारे दुसरे काहीही नसते. फ्यूज डिकीत ॲम्प्लिफायरजवळ लावला तर मधली चार-पाच मीटर वायर असुरक्षित राहते. इंजिनाकडून केबिनमध्ये येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच (छिद्राच्या धारदार कडेला बसणाऱ्या कडीतूनच) आणावी आणि फ्यूजचा आकडा वायरीच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीही नसावा.

वायर किती जाड हवी हे अंदाजाने ठरवू नये. ॲम्प्लिफायरच्या रचनेचे क्लास डी आणि क्लास एबी असे प्रकार असतात. ३०० आरएमएस वॅट देणारा क्लास डी ॲम्प्लिफायर सुमारे ८० टक्के कार्यक्षम धरला तर पूर्ण जोरावर तो २७ अँपिअर ओढतो. तेवढीच शक्ती देणारा क्लास एबी ॲम्प्लिफायर ५० टक्के कार्यक्षम धरला तर ४३ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या अंतराला पहिल्यासाठी ८ गेज आणि दुसऱ्यासाठी ४ गेजची तांब्याची वायर योग्य ठरते; गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. स्वस्त किटमध्ये पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असते. तिची एक तार ब्लेडने खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. ती वापरायचीच असेल तर एक पायरी जाड घ्यावी.

अर्थिंगची वायर मुख्य वायरीएवढीच जाड आणि शक्यतो ४५ सेंटिमीटरपेक्षा लहान असावी. ती जिथे आवळायची तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूचे कडे) दाबून बसवून बोल्ट घट्ट बसवावा आणि वरून गंजरोधक लेप द्यावा. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये. त्याचे काम जीव वाचवण्याचे आहे.

गेनला आवाजाचे बटण समजणे

ॲम्प्लिफायरवरचा गेन आवाज वाढवण्यासाठी दिलेला नसतो. स्टिरिओकडून २ व्होल्टचा संकेत येतो की ४ व्होल्टचा, त्यानुसार ॲम्प्लिफायर जुळवून घेण्यासाठी तो असतो. तो पूर्ण फिरवला तर ॲम्प्लिफायर आपल्या मर्यादेपलीकडे जातो, लाटेची टोके सपाट कापली जातात आणि त्या कापलेल्या लाटेतली जास्तीची शक्ती आधी ट्वीटर जाळते. ‘माझा ॲम्प्लिफायर स्पीकरपेक्षा लहान आहे, म्हणजे स्पीकर सुरक्षित आहेत’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

गेन मल्टिमीटरने लावता येतो. हवे असलेले वॅट गुणिले ओहम करून त्याचे वर्गमूळ काढावे. ४ ओहमवर ६० वॅट हवे असतील तर २४० चे वर्गमूळ, म्हणजे १५.५ व्होल्ट. स्पीकर सोडवावेत, इक्वलायझर सपाट आणि बास बूस्ट बंद ठेवावा, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश करावा आणि एकसुरी चाचणी ध्वनी लावावा. सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा ध्वनी चालतो. दरवाजातल्या स्पीकरसाठी मी ३०० हर्ट्झच्या आसपासचा घेतो, कारण साधे मल्टिमीटर जास्त वारंवारतेवर चुकीचे आकडे दाखवतात. एसी व्होल्टवर ठेवलेल्या मीटरने १५.५ दाखवले की गेन तिथेच सोडावा. त्यानंतर दरवाजातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचे स्वर हायपास फिल्टरने बंद करावेत आणि सबवूफरला लोपास फिल्टरने तेवढेच खालचे स्वर द्यावेत. इक्वलायझरवर बास ६ डेसिबलने वाढवणे म्हणजे त्या स्वरांसाठी चौपट शक्ती मागणे आहे, हेही लक्षात असावे.

सबवूफर घेताना ओहम पाहणे विसरू नये. ४ अधिक ४ ओहमच्या दुहेरी कॉइलचा सबवूफर समांतर जोडला तर २ ओहमचा आणि एकसरीत जोडला तर ८ ओहमचा भार होतो. ज्या ॲम्प्लिफायरला ब्रिज करून (दोन चॅनेल एकत्र जोडून) किमान ४ ओहम चालतात, त्याला २ ओहमचा भार दिला तर तो तापून बंद पडतो.

बसवून झाल्यावर येणाऱ्या तक्रारी

ॲक्सिलरेटर दाबल्यावर चढत जाणारी शीळ ऐकू आली तर लगेच नॉइज फिल्टर विकत घेऊ नये. स्टिरिओचा संकेत ॲम्प्लिफायरकडे नेणारी आरसीए केबल ॲम्प्लिफायरपासून काढावी. शीळ तरीही राहिली तर दोष ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगमध्ये किंवा मुख्य वायरीत आहे. शीळ थांबली तर तो स्टिरिओच्या अर्थिंगमध्ये किंवा केबलच्या मार्गात आहे. मुख्य वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए केबल दुसऱ्या बाजूने नेली की ही तक्रार बहुधा संपते. फोन चार्जिंगला लावून ऑक्स केबलने गाणी ऐकतानाच शीळ येत असेल आणि ब्लूटूथवर ती नाहीशी होत असेल, तर सगळी यंत्रणा ठीक आहे आणि दोष फक्त चार्जरच्या वाटेने तयार झालेल्या अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे.

गाडी बंद केल्यावर प्रत्येक वेळी घड्याळ आणि स्टेशन पुसले जात असतील तर पिवळी आणि लाल वायर अदलाबदल झालेली असते. सकाळी बॅटरी उतरलेली मिळाली तर ॲम्प्लिफायरची निळी-पांढरी वायर कायम चालू असलेल्या जोडणीला लावलेली नाही ना ते पाहावे. गाडी कुलूपबंद करून काही वेळाने बॅटरीतून मोजलेला प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. आणि दरवाजा उघडता-मिटताना एखादा स्पीकर मध्येच बंद होत असेल तर स्पीकर काढण्याआधी बिजागरीजवळची रबरी नळी सरकवून आतली वायर पाहावी, कारण रोजच्या वाकण्याने ती बहुधा तिथेच तुटते.