बहुभुजाकृती समजून घेण्याची रीत : प्रत्येक सूत्र त्रिकोणातून काढा

बहुभुजाकृतींची सूत्रे पाठ करणारा विद्यार्थी बहुधा एकाच ठिकाणी अडतो : बाजूंच्या संख्येतून दोन वजा करायचे की तीन? ही अडचण कायमची दूर करायची असेल, तर प्रत्येक सूत्र एकदा तरी स्वतःच्या हाताने आकृतीतून काढून पाहिले पाहिजे. त्यासाठी मोजपट्टी, कोनमापक, कंपास, टोक केलेली पेन्सिल आणि चौकटींचा एक कागद एवढे साहित्य पुरते. पुढे जे काही येईल ते जवळजवळ सगळे एकाच कृतीवर उभे आहे, आणि ती कृती म्हणजे आकृती त्रिकोणांत विभागणे.

आधी व्याख्या नीट पाहू. एकाच प्रतलातील तीन किंवा अधिक रेषाखंड टोकाला टोक जोडून मांडले, प्रत्येक टोकाशी नेमके दोनच रेषाखंड मिळाले, लगतचे दोन रेषाखंड एका रेषेत आले नाहीत आणि कोणतेही दोन रेषाखंड मध्येच एकमेकांना छेदत नसतील, तर तयार होणारी बंद आकृती ही बहुभुजाकृती होय. रेषाखंडांना बाजू म्हणतात आणि ते जेथे मिळतात त्या बिंदूंना शिरोबिंदू. या व्याख्येतील प्रत्येक अट कामाची आहे. अर्धवर्तुळ बंद असले तरी त्याची एक कड वक्र असल्यामुळे ते बाद होते, तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या आकृतीच्या बाजू मध्येच छेदत असल्यामुळे ती येथे धरत नाहीत. नाव देताना शिरोबिंदू कडेने, ओळीने घ्यावेत. चौकोन कखगघ आणि चौकोन खगघक ही एकाच चौकोनाची नावे आहेत, परंतु कगखघ असे लिहिले की बाजूंच्या जागी कर्ण, म्हणजे लगत नसलेले दोन शिरोबिंदू जोडणारे रेषाखंड, येतात आणि पुढचे सगळे गणित बिघडते.

आकृती हाती आली की सर्वांत आधी ती बहिर्वक्र आहे की अंतर्वक्र, हे तपासावे. मोजपट्टी एकेका बाजूवर ठेवून ती बाजू दोन्हीकडे वाढवली आहे अशी कल्पना करा. प्रत्येक वेळी उरलेली आकृती रेषेच्या एकाच अंगाला राहिली, तर आकृती बहिर्वक्र आहे. एखाद्या बाजूच्या वेळी आकृतीचे भाग दोन्ही अंगांना दिसले, तर ती अंतर्वक्र आहे आणि तिच्यात १८०° पेक्षा मोठा, म्हणजे प्रविशाल, असा किमान एक आंतरकोन नक्की सापडतो.

आता कोन. एखादा बहिर्वक्र षटकोन काढा, त्याचा कोणताही एक शिरोबिंदू निवडा आणि तेथून निघणारे सर्व कर्ण काढा. तीन कर्ण निघतात आणि षटकोनाचे चार त्रिकोण होतात. निवडलेल्या बिंदूला लागून असलेल्या दोन बाजू सोडल्या, तर उरलेली प्रत्येक बाजू एकेका त्रिकोणाचा पाया होते, म्हणून त्रिकोणांची संख्या बाजूंच्या संख्येपेक्षा दोनने कमी असते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८०° असल्यामुळे, बाजूंची संख्या ‘ब’ मानली तर आंतरकोनांची बेरीज (ब − २) × १८०° येते. चौकोनाला ३६०°, पंचकोनाला ५४०°, षटकोनाला ७२०°. अंतर्वक्र आकृतीत एकाच शिरोबिंदूतून काढलेले काही कर्ण बाहेर पडू शकतात. तेथे वेगवेगळ्या शिरोबिंदूंमधून आतले कर्ण निवडावे लागतात, पण त्रिकोण ब − २ एवढेच होतात आणि बेरीजही तीच राहते.

बाह्यकोनांकडे पाहण्याची मला सर्वांत आवडणारी रीत चालण्याची आहे. पेन्सिलीचे टोक पुढे करून ती एका बाजूवर आडवी ठेवा, शिरोबिंदूपर्यंत सरकवा आणि पुढच्या बाजूच्या दिशेने वळवा. जेवढे वळावे लागले तेवढा तेथील बाह्यकोन, म्हणजेच १८०° वजा आंतरकोन. पूर्ण फेरी मारून मूळ जागी आल्यावर पेन्सिल नेमकी एक वेळ गोल फिरलेली असते, म्हणून बाह्यकोनांची बेरीज ३६०° असते, मग बाजू तीन असोत की तीनशे. अंतर्वक्र आकृतीत प्रविशाल कोनापाशी पेन्सिल उलट दिशेला वळते, आणि ते वळण ऋण धरायचे असते. बाणाच्या टोकासारखा चौकोन घ्या, ज्याचे आंतरकोन ६०°, ३०°, २४०° आणि ३०° आहेत. त्याची वळणे अनुक्रमे १२०°, १५०°, −६०° आणि १५०° होतात. बेरीज करून पाहा, ती ३६०° च येते.

हात न उचलता काढलेल्या पाच टोकांच्या सुसम चांदणीत मात्र प्रत्येक टोकाशी १४४° वळावे लागते आणि एकूण वळण ७२०° होते, कारण तिच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि पेन्सिल दोनदा गोल फिरते. छेदू नये ही अट व्याख्येत का आहे, ते येथे डोळ्यांना दिसते. याच चांदणीची केवळ बाहेरची कड गिरवली, तर दहा बाजूंची अंतर्वक्र आकृती मिळते. तिचे पाच कोन ३६° चे आणि पाच २५२° चे असतात, त्यांची बेरीज १४४०°, म्हणजे बरोबर ८ × १८०°.

कर्णांची संख्या काढताना तीन वजा होतात, कारण एखाद्या शिरोबिंदूतून स्वतःकडे आणि शेजारच्या दोघांकडे कर्ण जात नाही. ब शिरोबिंदूंपैकी प्रत्येकातून ब − ३ कर्ण निघतात, पण या मोजणीत प्रत्येक कर्ण दोन्ही टोकांकडून मोजला जातो, म्हणून ब × (ब − ३) ÷ २.

सर्व बाजू समान आणि सर्व कोनही समान असतील, तरच बहुभुजाकृतीला सुसम म्हणतात. त्रिकोणात एक अट पाळली की दुसरी आपोआप पाळली जाते, म्हणून पुढेही तसेच होईल असा समज होतो. समभुज चौकोनाच्या बाजू समान असून कोन वेगळे असू शकतात आणि आयताचे कोन समान असून बाजू वेगळ्या असू शकतात, हे लक्षात ठेवले की चूक होत नाही. सुसम आकृतीच्या उदाहरणात सुरुवात बाह्यकोनापासून करावी, कारण तो सरळ ३६०° ÷ ब असतो. आंतरकोन १५६° दिला असेल, तर बाह्यकोन २४° आणि बाजू १५. आंतरकोन १३०° दिला, तर ३६० ÷ ५० = ७.२ येते, आणि अशी सुसम बहुभुजाकृती असू शकत नाही.

एकाच प्रकारच्या सुसम आकृतींनी, कोपऱ्याला कोपरा जुळवून, फट न ठेवता प्रतल भरायचे असेल, तर आंतरकोनाने ३६०° ला निःशेष भाग गेला पाहिजे. ही अट फक्त ६०°, ९०° आणि १२०° हे कोन, म्हणजे त्रिकोण, चौरस आणि षटकोन, पूर्ण करतात. पंचकोनाचे तीन कोन ३२४° भरतात आणि ३६° ची फट उरते. कंपास व मोजपट्टीने सुसम षटकोन सहज काढता येतो, कारण त्याची बाजू परिवर्तुळाच्या, म्हणजे सर्व शिरोबिंदूंमधून जाणाऱ्या वर्तुळाच्या, त्रिज्येएवढी असते. सुसम सप्तकोन मात्र या दोन साधनांनी अचूक काढताच येत नाही. सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते, हे जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १७९६ मध्ये दाखवले.

क्षेत्रफळासाठी पुन्हा त्रिकोणच. सुसम आकृतीत केंद्र सर्व शिरोबिंदूंशी जोडले की समान त्रिकोण मिळतात, आणि क्षेत्रफळ परिमिती × केंद्रापासून बाजूचे लंबांतर ÷ २ एवढे येते. इतर आकृतींसाठी चौकटींच्या कागदावर (०,०), (४,०), (५,३), (२,५) आणि (०,३) हे बिंदू क्रमाने जोडा. आरंभबिंदूतून दोन कर्ण काढल्यावर होणाऱ्या तीन त्रिकोणांची क्षेत्रफळे ६, ९.५ आणि ३ येतात, एकूण १८.५ चौकटी. हे उत्तर गणितज्ञ पिक यांच्या १८९९ मधील नियमाने पडताळता येते. शिरोबिंदू चौकटींच्या कोपऱ्यांवर असतील, तेव्हा आतले कोपरे मोजावेत, त्यांत कडेवरच्या कोपऱ्यांची निम्मी संख्या मिळवावी आणि एक वजा करावा. येथे आत १४ आणि कडेवर ११ कोपरे आहेत, म्हणून १४ + ५.५ − १ = १८.५. तुमचे उत्तर जुळले नाही, तर कडेवरचे कोपरे पुन्हा मोजा, कारण तिरक्या बाजूच्या मध्यावर असलेला (१,४) हा बिंदू पहिल्या मोजणीत हमखास निसटतो.