सिंधुदुर्गात जाताय? किनाऱ्यावर आणि गावात या चुका टाळा

माझं आजोळ मालवण तालुक्यातलं. सुट्टी जवळ आली की ओळखीचे लोक फोन करतात आणि यादी वाचून दाखवतात: पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्ली, दुसऱ्या दिवशी कुणकेश्वर आणि विजयदुर्ग, तिसऱ्या दिवशी रेडीचा गणपती, येताना आंबोली. पहिली चूक इथेच होते. विजयदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, रेडी दक्षिणेला गोव्याच्या हद्दीजवळ आणि आंबोली थेट सह्याद्रीच्या माथ्यावर. मधले रस्ते खाड्यांना वळसे घालत, चढउतार करत जातात. साठ किलोमीटरला दोन तास धरा. तीनच दिवस असतील तर एक तालुका निवडा आणि तोच नीट बघा.

मालवणला रेल्वे येत नाही, हे दरवर्षी कुणाला तरी तिकीट काढल्यावर कळतं. ‘सिंधुदुर्ग’ नावाचं स्टेशन आहे, पण ते ओरोसजवळ. किल्ला तिथून बराच लांब, मालवणच्या समोर समुद्रात आहे. मालवण-तारकर्लीसाठी कुडाळला उतरावं, देवगडसाठी कणकवलीला. सावंतवाडी रोड स्टेशनही शहराबाहेर आहे, चालत शहरातल्या मोती तलावावर पोचू असं समजू नका. गणपतीच्या दिवसांतली आरक्षणं तर साठ दिवस आधी खिडकी उघडताच संपतात, कारण सगळे चाकरमानी त्याच गाड्यांनी गावी येतात. त्या आठवड्यात फिरायला येऊ नये असं मला मनापासून वाटतं. घराघरांत माणसं मावत नसतात, तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

आतल्या गावात राहायचं ठरवलंत, तर पत्त्यात वाडी हवीच. कोकणातलं गाव एका ठिकाणी गोळा झालेलं नसतं. वाड्या डोंगरउतारावर, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अल्याड-पल्याड चार-पाच किलोमीटरवर पसरलेल्या असतात. मोबाइलचा नकाशा गावाच्या नावावर मधेच कुठेतरी बोट ठेवतो आणि गाडी दोन गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या, अरुंद पाणंदीत नेऊन अडकवतो. तिथे मागे घ्यायलाही जागा नसते. अशा वेळी पुढे रेटू नका, गाडी थांबवा आणि पहिल्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन विचारा. "खंयच्या वाडीत जाऊचा आसा तुमका?" हा प्रश्न येईल, त्याचं उत्तर तयार ठेवा. यजमानांकडून वाडीचं नाव, जवळचं देऊळ किंवा शाळा आणि घराचं आडनाव आधीच लिहून घ्या. दरीतल्या वाड्यांत नेटवर्क जातं, मग फोनवरून पैसे देणंही अडतं, म्हणून रोख जवळ असू द्या. एसटीने फिरणार असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच कंडक्टरला विचारून घ्या. रात्री गावात येते ती वस्तीची गाडी, ती पहाटेच परत निघते.

आता समुद्राबद्दल. यात चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी वाळूची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम आहे. तिथलं पाणी वरून शांत दिसतं, पण सुकती म्हणजे ओहोटी लागली की खाडीचं पाणी जोरात बाहेर ओढलं जातं आणि चांगल्या पोहणाऱ्याचेही पाय सुटतात. संगमावर पोहू नका. इतर किनाऱ्यांवरही पाण्यात उतरण्यापूर्वी जाळी विणत बसलेल्या एखाद्या काकांना भरती आहे की सुकती एवढं विचारा. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मधे जो सपाट, शांत पट्टा दिसतो तो सुरक्षित वाटतो, पण बहुतेकदा पाणी परत ओढून नेणारी वाट तीच असते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दम संपतो. अंग हलकं ठेवून तरंगा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे या. बुडणाऱ्याला वाचवायला साखळी करून पाण्यात शिरू नका. दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि आरडाओरडा करून कोळी बांधवांना बोलवा.

गाडी वाळूत घालणं ही दुसरी नेहमीची चूक. ओली वाळू घट्ट वाटते, चाक थांबलं की रुततं. ॲक्सिलरेटर दाबत राहिलात तर चाक आणखी खाली जातं. माणसं उतरवा, चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरमधली थोडी हवा कमी करा, खाली सुक्या झावळ्या घाला आणि हळू बाहेर काढा. हे भरतीच्या आधी व्हायला हवं. खरं तर गाडी किनाऱ्यावर नेऊच नये. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, चाकाखाली घरटी चिरडली जातात.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. समुद्र खवळलेला असतो, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताज्या सुरमईचा हट्ट धरलात तर बर्फातली सुरमई ताटात येते. त्या दिवसांत शेतातल्या कुर्ल्या म्हणजे खेकडे, खाडीचे मासे, सुका बांगडा मागा. एरवीही सुरमई-पापलेटच्या पलीकडे बघा. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं किंवा पेडवे ही छोटी मासळी खाल्ल्याशिवाय मालवणी जेवण झालं असं मी म्हणणार नाही.

गावाचं वेळापत्रक देवाच्या कौलावर, म्हणजे देवाला विचारून मिळालेल्या होकार-नकारावर, चालतं, याचा अंदाज बाहेरच्यांना नसतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगातल्या ठरलेल्या तिथीला होत नाही, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. ती साधारण फेब्रुवारीच्या आसपास येते, लाखो माणसं लोटतात आणि मालवण-कणकवली पट्ट्यात खोली मिळत नाही. आचरा, चिंदर या गावांत काही वर्षांनी गावपळण असते. तीन दिवस-तीन रात्री सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहतो. घरं बंद, दुकानं बंद. तेव्हा रिकाम्या गावात शिरून चित्रीकरण करू नका, ती त्यांची श्रद्धा आहे. देवळात गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं, चालू असेल तर मधून चालत जाऊ नका, गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. जत्रेतलं दशावतारी नाटक बघायचं असेल तर संध्याकाळी सातला जाऊन कंटाळून परतू नका. ते रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. दुपारी झोप काढून जा, अंगावर घ्यायला चादर न्या. पिंगुळीला जाणार असाल तर आधी फोन करा. ठाकर समाजातल्या ज्या घराण्यांनी चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या, त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. खेळ बघायला मिळाला तर पूर्ण बसा, मधून उठू नका.

काजूच्या बागेत मुलांवर लक्ष ठेवा. ओली बी दाताने फोडायचा मोह होतो, पण टरफलातल्या तेलाने ओठ आणि हात अक्षरशः भाजतात. लागलंच तर साबण-पाण्याने लगेच धुवा, चोळू नका. फोड आले तर डॉक्टरांना दाखवा. ओल्या काजूगरांची उसळ हवी असेल तर सोललेले गर बाजारातून घ्या, बोटं काळी करून ते सोलणाऱ्या बायकांशी भाव करू नका.

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत आगळाची होते. आगळ म्हणजे मीठ घालून ठेवलेला कोकमाचा रस, तो सोलकढीसाठी. सरबत करायचं तर साखर घालून केलेलं अमृत कोकम घ्यायचं. माझ्या एका मैत्रिणीने आगळात साखर ढवळून पाहुण्यांना दिलं, कुणालाही दुसरा घोट घेववला नाही. बाटली घेताना आगळ की अमृत कोकम ते विचारा, आणि सामानात उभीच ठेवा. कोकमाचा डाग कपड्यावरून निघत नाही.