एका जागेची, एका दिवसाची जीवगणना कशी भरवावी

पर्यावरणाच्या नावाने कार्यक्रम ठरला की आधी प्रमुख पाहुणा शोधला जातो, मग मांडव, मग माईक. भाषणं होतात, एखादं रोप लावलं जातं, फोटो निघतात. ज्या जमिनीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्यावर राहतं कोण, हे मात्र कार्यक्रम संपल्यावरही कोणाला ठाऊक नसतं. माझं मत विचाराल तर माईक राहू द्या, लोकांच्या हातात वही द्या. ठरलेल्या वेळात ठरलेल्या जागेवर सजीवांचे किती प्रकार सापडतात ते सगळ्यांनी मिळून शोधायचं, एवढाच कार्यक्रम. याला बायोब्लिट्झ म्हणतात. या नावाने पहिली गणना १९९६ साली वॉशिंग्टन डी.सी.मधल्या केनिलवर्थ अ‍ॅक्वाटिक गार्डन्समध्ये झाली आणि सुमारे १००० जाती नोंदल्या गेल्या. तेही देशाच्या राजधानीत.

१. जागा निवडा

नावाजलेल्या जंगलामागे लागू नका. तिथली यादी बहुधा आधीच झालेली असते. गावाकडेचा ओढा, कागदोपत्री ‘पडीक’ ठरलेला गवताळ माळ, जुन्या झाडांचं आवार, बंद पडलेली खाण अशी दुर्लक्षित जागा घ्या. पुढेमागे तिच्यावर रस्ता किंवा इमारत येण्याची शक्यता असेल, तर यादीचं मोल आणखी वाढतं. जागा पंधरा-वीस मिनिटांत चालून संपेल एवढीच असावी, पण तिच्यात पाणी, गवत, झाडी, दगड यांतलं दोन-तीन प्रकारचं काही असावं. हद्द नकाशावर आखून घ्या. हद्दीबाहेर दिसलेलं पाखरू कितीही देखणं असलं तरी यादीत येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

जमीन ज्याची, त्याची परवानगी लेखी घ्या. रात्री दिवे लावणार असाल तर शेजाऱ्यांच्या कानावर घाला.

२. तारीख जिवांच्या सोयीने ठरवा

२२ एप्रिलचा वसुंधरा दिन किंवा २२ मेचा आंतरराष्ट्रीय जैवविविधता दिन गर्दी जमवायला सोयीचा. पण त्या सुमारास तुमच्याकडे सगळं करपलेलं असेल, तर लोक येतील आणि किडे येणार नाहीत. कोरड्या प्रदेशात पाऊस सुरू होऊन जमीन हिरवी झाल्यावरचे दिवस उत्तम, थंड प्रदेशात वसंताचा उत्तरार्ध. पतंग बघायचे असतील तर अमावस्येच्या आसपासची रात्र धरा. चांदणं लख्ख असलं की दिव्यावर येणाऱ्या किड्यांची गर्दी कमी होते.

पूर्ण चोवीस तास जागायची गरज नाही. दुपारी चारला सुरू करून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला संपवलं, तरी संध्याकाळ, रात्र आणि पहाट हे तिन्ही भरगच्च प्रहर हाती लागतात.

३. माणसं जमवा

पक्षी ओळखणारे सहज मिळतात. वनस्पती ओळखणारं माणूस शोधावं लागतं. कोळी, बुरशी, शेवाळ यांचं जाणकार कोणी मिळालंच तर नशीब समजा. नाही मिळालं म्हणून अडून बसू नका, फोटो नंतरही ओळखता येतात.

दहा-बारा जणांच्या तुकड्या करा. प्रत्येकीत तिघांना काम नेमून द्या: एक दाखवणारा, एक लिहिणारा आणि एक सगळ्यांच्या मागून चालणारा. हा मागचा माणूस फार महत्त्वाचा. मुलं मागेच रेंगाळतात, आणि उत्तमोत्तम गोष्टी बहुतेकदा त्यांनाच दिसतात. लिहिणाऱ्याने मात्र शोधायचं नाही, फक्त लिहायचं.

आठवडाभर आधी त्याच वेळांना जागा फिरून घ्या. गांधीलमाशांची पोळी, उघड्या विहिरी, निसरडे काठ हेरून ठेवा. पूर्ण पायांचे बूट, बॅटरी, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार आणि जवळच्या दवाखान्याचा फोन नंबर, एवढी तयारी झाली की पुरे.

४. शोधायचं कसं

भारी उपकरणं लागत नाहीत. फिकट रंगाची छत्री उघडून फांदीखाली उलटी धरा आणि फांदीला काठीने दोन-तीन हलके टोले द्या. रिकामी वाटणाऱ्या त्या फांदीवरून कोळी, तुडतुडे, अळ्या आणि बोटभर काटकी वाटणारं पण चालू लागणारं काहीतरी छत्रीत पडतं. पाहून झालं की छत्री त्याच झाडाखाली हलकेच उपडी करा. डबक्यासाठी पांढरा पसरट ट्रे घ्या. जाळीने काढलेलं पाणी त्यात ओतून मिनिटभर गप्प बसलात की गाळ खाली बसतो आणि चतुराची पिल्लं, पाणकिडे हलताना दिसू लागतात.

रात्रीसाठी दोन झाडांमध्ये पांढरी सुती चादर ताणून बांधा. खालचा काठ जमिनीवर पसरलेला असू द्या, कारण बरेच किडे खालीच बसतात. समोर अतिनील दिवा लावा, नसेल तर साधा प्रखर पांढरा दिवाही चालतो. अतिनील दिव्याकडे थेट बघायचं नाही, हे मुलांना दोनदा सांगा. ढगाळ, उबदार, वारा नसलेली रात्र असेल तर तासाभरात चादर भरते. एखादा पतंग वाळक्या पानासारखा, एखाद्याच्या पाठीवर लोकर. मुलं ओरडतात, मोठी माणसं मोबाईल काढतात, आणि भाषणाने जे होत नाही ते इथे आपोआप होतं. संपताना आधी दिवा बंद करा, मग एकेक किडा हलकेच झटकून चादर काढा. पहाटेपर्यंत चादर तशीच राहिली तर पक्षी येऊन सगळं टिपून नेतात.

मग बॅटरी हातात न धरता कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरून गवताकडे बघा. ठिकठिकाणी हिरवट ठिणग्या चमकतात. ते लांडगा-कोळ्यांचे डोळे. त्यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो, उजेड आल्या वाटेने परत फिरतो, म्हणून बॅटरी डोळ्यांजवळ असेल तरच ही चमक दिसते. ठिणगीवर नजर ठेवून जवळ गेलात की तिथे खरंच कोळी बसलेला असतो. न मानणाऱ्यांना हे अवश्य करायला लावा.

काही गोष्टी अजिबात चालणार नाहीत. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, आणि तो उलटवताना आपल्याकडे ओढायचा, म्हणजे खाली साप-विंचू असला तर दगड मध्ये राहतो. घरट्याजवळ जायचं नाही. पक्षी यावेत म्हणून मोबाईलवर त्यांचा आवाज वाजवायचा नाही. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यावर जाणार असाल तर बूट आणि जाळ्या धुवून पूर्ण वाळवा. बेडकांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी ओल्या सामानावरून एका पाण्यातून दुसऱ्यात पोचते.

५. नोंद पक्की करा

यादी पुढे कोणी मानेल की नाही, ते इथे ठरतं. प्रत्येक नोंदीत काय, कुठे, कधी आणि कोणी पाहिलं या चार गोष्टी हव्यात. आय-नॅचरलिस्ट हे मोफत अ‍ॅप त्यासाठी सोयीचं आहे. त्यात आपल्या जागेची हद्द आणि तारीख घालून प्रकल्प उघडला की त्या हद्दीतल्या सगळ्यांच्या नोंदी आपोआप एकत्र येतात आणि जगभरातले जाणकार नावं सुचवतात. पक्ष्यांसाठी ई-बर्ड आहे. लहान मुलांचे फोटो मोठ्यांच्या खात्यावरून चढवा.

एकच फोटो सहसा पुरत नाही. झाडाचं पान दोन्ही बाजूंनी, फूल आणि खोड घ्या. अळंबीची छत्री वरून आणि खालूनही घ्या, कारण ओळखीची खूण बरेचदा खालीच असते. किडा वरून आणि बाजूने. अ‍ॅपने सुचवलेलं नाव डोळे झाकून स्वीकारू नका. खात्री नसेल तर नुसतं ‘कोळी’ लिहा, ती प्रामाणिक नोंद झाली. ठोकून दिलेलं एक नाव निघालं की सगळ्या यादीवर संशय येतो. मुद्दाम लावलेली झाडं लावलेली म्हणूनच नोंदवा.

दुर्मीळ प्राणी किंवा चोरून विकली जाणारी वनस्पती सापडली तर अ‍ॅपमध्ये तिचं नेमकं ठिकाण लपवा, आणि गटांमध्ये फोटोही फिरवू नका.

६. नंतरचं काम

दोन-तीन आठवडे ओळख पटवण्यात जातील, तेवढा वेळ द्या. मग दोन कागद तयार करा. एक पूर्ण यादी, मराठी आणि शास्त्रीय नावांसह, तारीख आणि नकाशा जोडून. दुसरा एकच पानाचा: किती जाती, त्यांतल्या लक्षणीय कोणत्या, जागेला धोका कशाचा. पहिला अभ्यासकांसाठी, दुसरा निर्णय घेणाऱ्यांसाठी. दुसऱ्यात ‘आम्हाला सापडलेल्या जाती’ असंच लिहा, ‘इथल्या सर्व जाती’ असं नाही. एका दिवसात जे दिसलं नाही ते तिथे नाहीच, असा अर्थ कोणी काढता कामा नये.

हा एक पानाचा कागद जमीनमालकाला आणि स्थानिक प्रशासनाला द्या, पोच घ्या. आलेल्या प्रत्येकालाही यादी पाठवा, त्याने शोधलेल्या जीवापुढे त्याचं नाव घालून (विचारून मात्र घ्या, काहींना नको असतं). पुढच्या गणनेची माणसं यातूनच मिळतात.

पुढच्या वर्षी हीच जागा, हीच हद्द, तोच हंगाम आणि शोधायला तेवढेच तास ठेवा. यांतलं काही बदललं तर दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. किती माणसं होती तेही लिहून ठेवा, कारण वीसऐवजी साठ जण आले की यादी वाढणारच, जागा सुधारली म्हणून नव्हे.